आमेन कुणी म्हणायचं

प्रार्थनेत तोंडातून गेलेला शब्द या घरात मागं घेता येत नाही, हे माणिकरावांइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐन उमेदीत एकदा भर सभेत सगळ्यांचा सूर लागलेला बघून तेही भरात आले आणि डोळे मिटून बोलून गेले, "प्रभू, आजपासून तंबाखू सोडली." आमेन झालं, डोळे उघडले, तर समोर आबांचा हात. आबा म्हणजे त्यांचे वडील, आश्रुबा. "देवाला सांगितलंस न्हवं? मग काढ पुडी." तेव्हापासून माणिकराव बडीशेप चघळतात आणि प्रार्थनेत फार जपून बोलतात.

दुसरा नियमही आबांचाच. प्रार्थना करणारा आमेन म्हणेपर्यंत कुणी गुडघ्यावरून उठायचं नाही. एका वर्षी शेजारची शेळी आत शिरून टोपलीतल्या भाकरी खायला लागली. सगळ्यांना ऐकू येत होतं, तरी कुणी हललं नाही. त्या दिवशी मंडळी नुसती आमटी पिऊन घरी गेली, आणि आबा म्हणाले, शेळीलाबी प्रभूनंच धाडलं.

आबा गेले, पण त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आठवणीची सभा काही चुकली नाही. संक्रांत झाली की पुढच्या रविवारी, चर्चमधली उपासना आटोपून मंडळी सोनपेठच्या या घरी जमते. गाणी होतात. आबांनी थंडीत गोदावरीत बुडी कशी मारली ते माणिकराव सांगतात, दर वर्षी पाणी थोडं जास्त खोल करून. आणि शेवटची प्रार्थना घरच्या सुनेनं करायची. "घर सून चालवती, तर घराचं काय ते देवालाबी तिनंच सांगावं," हा आबांचा ठराव. आधी माणिकरावांची बायको नर्मदाबाई करायच्या, आता त्यांची सून बबिता करते.

त्या रविवारी दुपारच्या सभेआधी बबिता चुलीपुढं भाकरी थापत होती आणि राजेश्री शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. राजेश्री ही तिची नणंद, परभणीला दिलेली, तिथंच एका दवाखान्यात नर्स. माहेरी आली की पोरगी आधी घरभर नजर फिरवायची, मग एकेकाला गाठून चौकशी करायची. कुणाचं काय बिनसलंय ते हिला चहा व्हायच्या आत समजलेलं असायचं.

"वैनी, तव्यावरली उलटा की. जळायलीय."

बबितानं भाकरी उलटली. खालची बाजू काळीठिक्कर.

"ध्यान कुठंय तुमचं?"

"इथंच हाय की, ताई."

"कुठलं इथं! मगाशी दादांच्या चहात दोनदा साखर घातली. ते बिचारे गुमान पिले. रात्री झोपलात का न्हाई?"

"झोपले की जराशी. चार्ट करायचे होते."

राजेश्रीनं तिच्या हाताकडं पाहिलं. पिठाखाली बोटांना मार्करची निळी शाई होती. बबिताचं बी.एड.चं दुसरं वर्ष. पहाटेची एसटी धरून परभणी, संध्याकाळी परत. सोमवारी मंडळीतल्या बायकांचा महिला संघ, बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना, शनिवारी गाण्यांचा सराव, रविवारी सकाळी लेकरांची रविवारची शाळा. नवरा चर्चचा पाळक, म्हणजे मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिला निरोप याच घरी. त्यात लेक सृष्टी, दुसरीत जाणारी, जिला आई एसटीतून उतरल्यावरच पोट दुखल्याचं आठवतं.

"आता पुढल्या आठवड्यापासून इंटर्नशिप," बबिता म्हणाली. "परभणीच्याच शाळेत, रोज, दिवसभर. उन्हाळ्यापर्यंत. एक दिवसबी बुडवायचा न्हाई म्हणतेत." तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि जरा वेळ तिच्याकडंच बघत राहिली. "म्हणून मी ठरिवलंय. आज शेवटच्या प्रार्थनेत सांगून टाकते. कॉलेज सोडलं म्हणून."

राजेश्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "प्रार्थनेत? अहो, मग ते मागं घेता यायचं न्हाई!"

"म्हणूनच तर. माणसापुढं सांगितलं तर माझं मन उद्या परत फिरतंय. रोज फिरतंय, ताई. एसटीत उभं राहून पाय सुजले की वाटतंय, मरू दे, सोडावं. आणि वर्गात गेले की…" ती थांबली आणि एकदम हसली. "परवा पाचवीच्या पोरींना अपूर्णांक शिकिवला. एक पोरगी हाय, सारखी मागं बसायची, तोंड उघडत न्हवती. ती उठून म्हणली, बाई, मला कळलं. असं म्हणली बघा, जसं काय तिला कुणी दागिना दिला. मला घरी येईपर्यंत झोप आली न्हाई त्या दिवशी."

"आणि ते सोडायलात तुमी."

"मग काय करू? सगळीकडं अर्धीच पुरायले मी. सोमवारी संघात बायका वाट बघून घरी गेल्या. सृष्टीचं जेवण आत्या करायल्यात. देवाचं काम अर्धं ठेवून मी कुठं जाऊ?" तिनं पिठाच्या हाताच्या पाठीनं डोळे पुसले. "मी लय दमले, ताई. निस्तं दमले."

"कुणी म्हणलं का सोड म्हणून? मायनं?"

"आत्या तोंडानं काय म्हणल्या न्हाईत."

"मग डोळ्यानं?"

बबिता पदरानं नाक पुसत हसली. तव्यावरली दुसरी भाकरीही जळाली.

दाराबाहेर नर्मदाबाई ताटल्या पुसत होत्या, आणि त्यांना यातलं सगळं ऐकू आलं. त्यांना काय चोरून ऐकायचं नव्हतं. पण कान काही मिटून घेता येत नाहीत. सून कॉलेज सोडते म्हणते. देवानं ऐकलं म्हणायचं! वर्षभर त्या माणिकरावांना सांगत होत्या, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात पोरीच्या. स्वतःचे गुडघे गेले म्हणून त्यांनी महिला संघ सुनेच्या हवाली केला होता, आणि सून काही तिथं नीट पोचत नव्हती. आता पोचेल. मग बरं वाटायला पाहिजे होतं. ते का वाटेना, हे कोडं मात्र त्यांना सुटेना. एकच ताटली त्या कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

राजेश्री तोवर ओसरीत पोचली होती. बबिताचा नवरा योगीराज सतरंज्या अंथरत होता.

"भाऊ, तुला ठाव हाय का, वैनी आज काय बोलणार हाय?"

"काय बोलणार? प्रार्थना करणार."

"कॉलेज सोडणार हाय. देवापुढं."

योगीराजच्या हातातून सतरंजीचं टोक सुटलं. "मला म्हणली होती दमले म्हणून. मी म्हणलो, आपण याच्यासाठी प्रार्थना करू."

"प्रार्थना करू! भांडी घासायची की राजा, प्रार्थना करण्यापरीस."

"घासतो की. कवा कवा." तो खाली बसला. "मी काय करू सांग. सोड म्हणलं तर तिचं मन मोडतंय. करत राहा म्हणलं तर मंडळीतली चार माणसं म्हणतेत, पाळकाची बायको परभणीला आणि संघ वाऱ्यावर. मी मधी."

"तू पाळक हायस का पळपुटा?"

कोपऱ्यातल्या खाटेवरून बडीशेपेचा चुटुकचुटुक आवाज थांबला. "मी सुनेच्या बाजूनं हाय," माणिकराव म्हणाले.

"मग दादा, मायला जाऊन सांगा तसं," राजेश्री बापाला म्हणाली.

"बाजूनं हाय म्हणलं मी. समोर जाऊन हुबा राहतो म्हणलं का?" आणि त्यांनी परत बडीशेप तोंडात टाकली.

घरातले दोन्ही बाप्ये असे. राहिली माय. राजेश्रीनं तिला हौदापाशी गाठलं.

"माय, तुझ्या मनासारखं व्हायलंय आज."

"माझ्या मनात काय हाय ते मलाच कळंना, तुला कुठून कळलं?"

"तिनं कॉलेज सोडावं, हेच न्हवं?"

नर्मदाबाई भडकल्या. "अगं मी दुस्मन हाय का तिची? बघवत न्हाई मला! काल जेवता जेवता घास हातात धरून बसली होती. चर्च सोडता येत न्हाई. लेकरू सोडता येत न्हाई. मग राहिलं काय, तूच सांग!"

"संघ सोडता येतो की. तू घे परत."

"माझे गुडघे बघ."

"बायकांचा संघ काय गुडघ्यानं चालतो, माय? तोंडानं चालतो. ते तर तुझं धडधाकट हाय."

लेकीनं असं बोलल्यावर नर्मदाबाईंना हसूही आलं आणि रागही. "आमी न्हाई केलं का?" त्या म्हणाल्या. "दिवसभर कापसाची वेचणी. घरी आलं की चूल. आणि सगळं झाल्यावर आबांची प्रार्थना. तुला सांगते, वेचणीच्या दिवसात त्यांची प्रार्थना संपायचीच न्हाई. उन्हाळ्यात, कामं न्हाईत तवा, दोन बोलात आमेन. आणि कापूस फुटला की सगळी गावं घ्यायचे एकेक करून. माझा तर जीव मेटाकुटीला यायचा. कामून करायचे तसं, अजून मला कळलं न्हाई."

"थंडीत भक्ती वाढत आसंल."

"हाव, आसंल." पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

सभा जमली. ढोलकी वाजली, डफली वाजली. महिला संघातल्या कमलबाईंनी नेहमीप्रमाणे गाण्याची शेवटची ओळ सगळ्यांच्या पुढं जाऊन एकटीनंच संपवली. माणिकरावांनी आबांना या वर्षी गळ्याएवढ्या पाण्यात उभं केलं. योगीराजनं पवित्र शास्त्रातला छोटा भाग वाचला, पण त्याचं लक्ष बायकोकडंच होतं, आणि एक ओळ त्यानं दोनदा वाचली.

"आता शेवटची प्रार्थना," तो म्हणाला. "बबिता."

सगळे गुडघ्यावर आले. गुडघ्यांमुळं नर्मदाबाईंना खुर्चीवर बसायची सूट होती, गेली काही वर्षं त्या बसतच. आज त्याही खाली उतरल्या. सून एवढं मोठं देवापुढं ठेवणार आणि आपण वर बसून ऐकायचं, हे त्यांना पटेना. टेकताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. सृष्टी त्यांना बिलगून बसली.

बबितानं प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीवर कोपरं टेकली, ओंजळीत तोंड घातलं. आवाज साधा, दमलेला.

"आमच्या स्वर्गातल्या बापा, आबांसाठी तुझे उपकार मानतो. त्यांनी दाखवलेल्या वाटेसाठी मानतो. या घरासाठी, मंडळीसाठी. जे आजारी हायत त्यांना हात लाव. ज्यांचं कुणी न्हाई त्यांचा तू हो. आणि प्रभू, माझी एक गोष्ट हाय. ती आज सगळ्यांच्या समोर तुझ्यापुढं…"

पुढं काही आलं नाही.

सगळे थांबले. असं होतं कधी कधी. माणसाचा कंठ दाटतो, शब्द सापडत नाही. मंडळी अशा वेळी वाट बघते. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. चुलीवरल्या आमटीचं झाकण खडखडलं. तरी काही नाही.

कमलबाईंच्या अंगावर काटा आला. पोरगी मुकी झाली म्हणजे पवित्र आत्माच उतरला की! इतकी वर्षं प्रार्थना ऐकल्या, पण असं कधी झालं नव्हतं. काय बोलत असेल देव तिच्याशी? आपल्याबद्दल तर काही सांगत नसेल? गेल्या सोमवारी आपण हिच्या नावानं बोटं मोडली, ते तर नाही? कमलबाई घाईघाईनं पुटपुटल्या, "माफ कर, प्रभू, माफ कर."

योगीराजला वाटलं, रडतेय. आवाज न करता रडतेय. परवा ती चार्ट रंगवत बसली होती तेव्हा आपण कूस बदलून झोपलो, हे त्याला आठवलं, आणि शेजारी मोरीत पडलेली भांडीही आठवली. त्याला उठून तिच्यापाशी जायचं होतं. पण पाळकानंच नियम मोडायचा म्हणजे! तो गुडघ्यावरच जरा पुढं सरकला आणि थांबला.

माणिकरावांची बडीशेप दाढेत अडकली होती. काय सांगणार असेल? आपलं नाव तर नाही ना घेणार? शुक्रवारी दुपारी सृष्टीला शाळेतून आणायचं आपल्यावर होतं आणि आपण खाटेवर लवंडलो, ते हिनं मनात ठेवलंय की काय? मामा म्हणून मान देते, पण देवापुढं कुणाचा कसला मान. ते आणखी वाकले.

राजेश्रीला मात्र राहवेना. तिनं एक डोळा उघडला.

खुर्चीच्या बैठकीवर वैनीचा गाल टेकलेला. तोंड थोडं उघडं. कानापाशी पिठाचा फराटा. छाती संथ वर-खाली होतेय. दवाखान्यात रात्रपाळ्या काढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. वैनी चक्क झोपली होती, गुडघ्यावर, भर सभेत, देवाशी बोलता बोलता!

राजेश्रीनं हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबला. पण हसू लगेच विरलं. झोपलेलं माणूस बोलत नाही. बोललं नाही तर कॉलेज सुटत नाही. आणि आमेन झाल्याशिवाय कुणी उठतही नाही. तिनं डोळा मिटून घेतला. बसा म्हणावं आता सगळे.

नर्मदाबाईंचे गुडघे ठणकत होते. ही मुद्दाम करायलीय, त्यांना वाटलं. सासूला खाली टेकलेलं बघितलं आणि आता लांबवायलीय. बोल की बाई एकदाचं! तेवढ्यात त्यांना बारीक आवाज आला, अगदी शेजारून. घोरल्यासारखा. त्यांनी डोळे उघडले.

सून झोपलेली. आणि पलीकडून लेक त्यांच्याकडं टक लावून बघत होती, दोन्ही डोळ्यांनी.

नर्मदाबाईंनी सुनेच्या खांद्याकडं हात नेला. जरा हलवलं की पोरगी दचकून उठणार आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणून टाकणार, कॉलेज सोडलं. झालं. वर्षभराचं गाऱ्हाणं एका धक्क्यानं मिटलं. राजेश्रीनं मान हलवली. नको. त्यांनी लेकीकडं लक्ष दिलं नाही, पण हात मात्र खांद्याच्या वर तसाच थांबला.

कारण ही झोप त्यांच्या ओळखीची होती. अशीच, गुडघ्यावर, कापसाच्या गाठोड्यावर डोकं टेकून त्या झोपायच्या. सून माणूस, सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय, सगळे आडवे झाल्याशिवाय तिला पाठ टेकता येत नसे. पण प्रार्थनेत डोळे मिटायचेच असतात. आबांचा आवाज चालू असायचा, सोनपेठच्या लोकांसाठी, गंगाखेडच्या लोकांसाठी, येलदरीच्या धरणावरल्या पाव्हण्यांसाठी, त्यांच्या होड्यांसाठी, त्यांच्या जाळ्यांसाठी, आणि त्या आवाजाखाली त्या मेल्यासारख्या झोपायच्या. मग आबा दोनदा खाकरायचे, मोठ्यानं आमेन म्हणायचे, आणि त्यांना जाग यायची. आपली ही लबाडी देवाशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं त्या जन्मभर समजत होत्या.

दोनदा खाकरायचे.

उन्हाळ्यात कधी खाकरले नाहीत. उन्हाळ्यात दोन बोलात आमेन.

"बया गं," नर्मदाबाई मनात म्हणाल्या. त्यांचा हात खाली आला. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्यांना कळलंच नाही. आबांनी कधी विचारलं नव्हतं, पोरी दमलीस का. त्यांच्या वेळच्या सासऱ्याला ते विचारता येत नव्हतं. त्यांनी आपली परभणी जिल्ह्यातली गावं घेतली.

आणि मग, सुनेला जाग येणार नाही अशा बारीक आवाजात, नर्मदाबाईंनी प्रार्थना तिथून उचलली जिथं ती पडली होती.

"आणि प्रभू, माझ्या सुनेची जी एक गोष्ट हाय ती तुला ठाव हाय. तिला सांगायला फुरसत न्हाई, म्हणून मी सांगते. तिचं कॉलेज पुरं होऊ दे."

योगीराजनं डोळे उघडले. कमलबाईंनीही उघडले. माणिकरावांनी आणखी घट्ट मिटले.

"सोमवारचा संघ उद्यापासून माझ्याकडं. गुडघे तू बघ, तोंड माझं मी बघते. पहाटे चूल तिचा नवरा पेटवील." त्या थांबल्या. दुसऱ्याच्या वतीनं बोललेला शब्द देव धरतो की नाही, याची त्यांना शंका आली. "योगीराज, होय म्हण."

"होय, प्रभू," पाळक म्हणाले.

"आणि सृष्टीला शाळेतून आणायला…"

"होय, प्रभू!" माणिकराव नाव यायच्या आधीच बोलून मोकळे झाले.

तिथं आमेन म्हणता आलं असतं. पण सुनेचा श्वास अजून लय खोल होता. नर्मदाबाईंनी गुडघा जरा सारखा केला. "आता प्रभू, सोनपेठच्या लोकांसाठी," त्या म्हणाल्या. मग गंगाखेड घेतलं. पाथरी घेतली. मानवत, सेलू, जिंतूर, सगळं घेतलं. येलदरीच्या पाव्हण्यांचं पाणी, मासे, पोरीबाळी. कमलबाईंच्या पायाला मुंग्या आल्या आणि त्या कण्हायला लागल्या, पण हलल्या नाहीत. सगळ्यांना आता कळलेलं होतं, आणि सगळे गुमान होते. शेवटी नर्मदाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मंडळीकडं डोळे वटारून पाहिलं आणि कुजबुजल्या, "आमेन."

"आमेन," सगळी मंडळी कुजबुजली.

एकेक जण चपला हातात घेऊन अंगणात गेला. योगीराजनं बायकोच्या अंगावर शाल टाकली. पातेली बाहेर नेताना राजेश्री आणि कमलबाई एकमेकींकडं बघून अशा हसत होत्या की आमटी सांडायचीच बाकी.

लिंबाखाली पंगत बसली. इतकी हळू आवाजातली पंगत त्या घरानं कधी पाहिली नव्हती. नर्मदाबाई माणिकरावांच्या शेजारी खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एक इचारू का? आबा वेचणीच्या दिवसात प्रार्थना लांबवायचे. तुमाला ठाव होतं का, कामून ते?"

माणिकरावांनी घास थांबवला. "तुला आज कळलं व्हय? घोरायचीस की तू."

"मी घोरत न्हाई!"

"एकदा मी उठवायला लागलो तुला. आबांनी डोळे वटारले. नंतर म्हणले, गुमान बसत जा रे, अजून माझी अर्धी परभणी राहिली होती."

नर्मदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आमटी तिखट झालीय म्हणाल्या. ती तिखट नव्हती.

आत बबिताला जाग आली. गालाखाली प्लास्टिक, डोळे मिटलेले, सगळीकडं शांत. तिला वाटलं, बोलता बोलता क्षणभर डुलकी लागली. बया! सगळे वाट बघायलेत. तिनं डोळे न उघडताच घाईघाईनं पुढचा शब्द धरला आणि तो अंगणापर्यंत खणखणीत ऐकू आला.

"…तुझ्यापुढं ठेवते, प्रभू! मी आजपासून माझं कॉले…"

"आमेन!" नर्मदाबाई खुर्चीतूनच ओरडल्या.

"आमेन!" पंगत घास तोंडात धरून ओरडली. सवयच तशी.

बबितानं डोळे उघडले. रिकाम्या सतरंज्या. अंगावर शाल. ती धडपडत दारात आली, तेव्हा तिच्या गालावर खुर्चीची जाळी उमटलेली होती. सगळे तिच्याकडं बघत होते आणि कुणीच रागावलेलं दिसत नव्हतं, त्यानं ती जास्तच घाबरली.

"आत्या, मला झोप… माफ करा. माझं सांगायचं राहिलं."

"प्रार्थना झाली," नर्मदाबाई म्हणाल्या. "आमेनबी दोनदा झालं. आता राहिलेलं पुढल्या वर्षी सांग."

"पुढल्या वर्षी?" बबिता उंबऱ्यातच उभी राहिली. पुढल्या संक्रांतीपर्यंत तर इंटर्नशिप झालेली असणार. परीक्षा झालेली असणार. निकालसुद्धा लागलेला असणार. तिनं राजेश्रीकडं पाहिलं. राजेश्री ताटात तोंड घालून हसत होती. "पण आत्या, तोवर तर…"

"बस इथं. जेव."

ती सासूच्या खुर्चीपाशी खाली बसली. योगीराजनं स्वतः उठून तिच्यापुढं ताट ठेवलं, जळलेली भाकरी बाजूला काढून चांगली वाढली. नर्मदाबाई जरा वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. या पोरीला दोन वर्षं त्या एसटीला पळताना बघत होत्या, पण एक गोष्ट विचारायची राहूनच गेली होती.

"काय गं, परवा पोरींना काय शिकिवलंस म्हणलीस?"

"अपूर्णांक."

"ते काय असतंय?"

बबितानं चमकून वर पाहिलं. मग ताटातली भाकरी उचलली आणि मधोमध मोडली. "ही अर्धी. आणि ही अर्धी. पण दोन्ही सारख्या पायजेत, आत्या, तरच अर्धी म्हणायची."

नर्मदाबाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले, शेजारी शेजारी धरून बारकाईनं पाहिलं. सारखे काही नव्हते. एक चांगलाच मोठा होता.

"मग मोठी मला," त्या म्हणाल्या आणि लहान तुकडा सुनेच्या ताटात ठेवला. "उद्या सोमवार हाय. संघ मला घ्यायचाय."